वीसला एक कमी

आमच्या कंपनीत एक माणूस होता, ज्याला स्वतःचं मत नव्हतं. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं, अशी माणसं प्रत्येक ऑफिसात पैशाला पासरी मिळतात. पण त्यांना साहेबांसमोर मत नसतं, चहाच्या वेळी मात्र उतू जात असतं. याला चहाच्या वेळीही नसायचं. "आजचा चहा कसा झालाय हो?" असं विचारलं, तर हा कपाकडे बघत म्हणायचा, "एका कपावरून काय सांगणार, ताई?"

पगाराच्या यादीत त्याचं काहीतरी भारदस्त नाव होतं. आम्ही त्याला अर्धे म्हणायचो, कारण तो येईल त्याचे दोन भाग करायचा. पायात एक मोजा राखाडी, एक तपकिरी. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "घाईत घातले वाटतं?" तर म्हणे, "नाही, दोन कंपन्यांचे आहेत. आधी कुठला फाटतो ते बघतोय. दोन्ही पायांना चालायला सारखंच लागतं ना." त्याची बायको एकदा त्याची विसरलेली किल्ली द्यायला आली होती, तिनं आणखी भर घातली. घरून ऑफिसला यायला दोन रस्ते. जवळचा कुठला हे ठरवायला यानं चाळीस दिवस रोज दारात नाणं उडवलं आणि घड्याळ लावून चालला. शेवटी दोन्ही सारखेच निघाले.

"मग आता कुठल्या रस्त्यानं येतात?" मावशींनी विचारलं.

"काय सांगू, अजून नाणंच उडवतात," ती म्हणाली. बिचारी चांगली बाई होती.

आता मी कोण आणि मावशी कोण, ते सांगते. आमची कंपनी कानाची यंत्रं विकते, आणि मी आणि मावशी ती फोनवरून विकतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना फोनवरून! हसून घ्या एकदाचं, आम्ही चौदा वर्षं हसतोय. मावशी तर त्याच्याही आधीपासूनच्या, कंपनी म्हणजे एक दुकान आणि एक स्टूल होतं तेव्हापासूनच्या. आमची खोली जिन्याखाली आहे. दोन टेबलं, दोन फोन, एक पंखा, आणि एक खिडकी, जिच्यातून लोकांच्या गाड्यांची चाकं तेवढी दिसतात. फोन करतात ती मुलं, मुली, सुना. मागून म्हातारं माणूस ओरडत असतं, "काय म्हणतेय ती?"

आमचं खरं काम विकण्याचं नव्हतंच. यंत्र घरी गेलं की दोन दिवसांनी आम्ही फोन करायचो. कारण पहिल्या आठवड्यात त्या यंत्रातून सगळंच अंगावर येतं. चमचा बशीवर ठेवला तरी बॉम्ब फुटल्यासारखा वाटतो. स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून माणूस मागे वळून बघतो. मावशी सांगायच्या, "आज एक तास घाला, उद्या दोन. चमच्यावर रागावू नका, तो आधीपासून वाजतच होता, तुम्हाला ठाऊक नव्हतं एवढंच." हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. कुणी आम्हाला सांगितलंही नव्हतं.

मग वेबसाइट आली, आणि वेबसाइटच्या मागून अर्धे आला. कानामागून आला आणि तिखट झाला म्हणावं, तर तिखटपणाही नव्हता त्याच्यात. काम काय, तर वेबसाइटवर येणाऱ्या लोकांचे दोन भाग करायचे. निम्म्यांना एक पान दाखवायचं, निम्म्यांना थोडंसं वेगळं. कुणाच्या वाट्याला कुठलं पान, ते कॉम्प्युटर नाणं उडवल्यासारखं ठरवणार. आणि मग मोजायचं, कुठलं पान बघून जास्त लोक खरेदी करतात. बटण हिरवं की केशरी, 'मागवा' की 'आत्ताच मागवा'. एवढ्यासाठी पदवी घेतलेला माणूस लागतो हे मला तेव्हा नव्यानं कळलं.

साहेबांना सुरुवातीला त्याचं फार कौतुक. मग त्यानं साहेबांचाच फोटो चाचणीला लावला. वेबसाइटच्या पहिल्या पानावर साहेब हाताची घडी घालून उभे होते, चेहऱ्यावर असा भाव की ऐकण्याचा शोध यांनीच लावला. अर्ध्यानं निम्म्या लोकांना साहेब दाखवले आणि निम्म्यांना नुसता एक कान. तीन आठवड्यांनी कान जिंकला. साधासुधा नाही, दणदणीत. साहेब हसले, म्हणाले, "शास्त्र म्हणजे शास्त्र." पण त्या दिवसापासून त्यांच्या मनात अढी बसली ती बसलीच.

अर्ध्याची एक पद्धत होती, आणि पुढचं सगळं रामायण त्या पद्धतीवरून झालं. कुठलीही चाचणी सुरू करण्याआधी तो एक कागद लिहायचा. काय मोजणार, कधी थांबणार, किती फरक पडला तर त्याला फरक म्हणणार. त्यावर साहेबांची सही घ्यायचा आणि पाण्याच्या यंत्राशेजारी भिंतीवर चिकटवायचा. "आधी लिहायचं, मग बघायचं," म्हणायचा. "आधी बघितलं की माणूस त्याला हवं तेच लिहितो." चाचणी चालू असताना आकडे स्वतःलाही दिसू नयेत म्हणून कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यावर पुठ्ठ्याचा तुकडा लावून ठेवायचा. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

एका सोमवारी नवा कागद लागला. मी पाणी प्यायला गेले आणि वाचला. पहिल्या पानावर फोन नंबर मोठ्या अक्षरात. दुसऱ्या पानावर नंबरच नाही, नुसतं बटण. चाचणी तीन आठवडे. मोजायचं काय, तर घरी गेलेली आणि तीस दिवसांत परत न आलेली यंत्रं. फरक वीस किंवा जास्त असेल तर फरक, नाहीतर 'सांगता येत नाही'. खाली साहेबांची सही. साहेब वाचून सही करत नाहीत, त्यांचं म्हणणं, वाचत बसलं की सही बिघडते.

मी तडक त्याच्या टेबलाशी. "म्हणजे आमचीच चाचणी?"

"तुमची नाही, ताई. नंबरची."

"नंबर गेला तर आम्ही जिन्याखाली बसून काय माशा मारायच्या?"

त्यानं नेहमीप्रमाणे मान एकीकडे कलती केली. "काय होईल ते मला माहीत नाही. म्हणून तर करायची." आणि एक नवा हिरवा फोन आमच्या खोलीत आणून ठेवला. पहिल्या पानावर त्याचा नंबर, दुसरीकडे कुठेच नाही. म्हणजे त्यावर येणारी प्रत्येक मागणी पहिल्या पानाच्या नावावर मोजली जाणार. "हे नसतं केलं तर तुमच्यावर अन्याय झाला असता," म्हणाला. न्यायाची एवढी चाड असलेला माणूस आपल्या मुळावर आला की कुणाला शिव्या द्याव्यात तेच कळत नाही.

पाचव्या दिवशी साहेबांनी पुठ्ठा उचलून बघितलं. बटणाचं पान अकरा मागण्यांनी पुढे. झालं! तासाभरात आम्हाला आत बोलावणं. दोन महिन्यांनी फोनची खोली बंद. "काळाबरोबर चाललं पाहिजे," साहेब म्हणाले. चौदा आणि बावीस वर्षं आम्ही काळाच्या विरुद्ध दिशेनं चालत होतो, हे आम्हाला त्या दिवशी समजलं. अर्धे कोपऱ्यात उभा होता. अगदी बारीक आवाजात म्हणाला, "साहेब, तारीख झालेली नाही."

"अहो, वारा कुठून वाहतोय ते दिसतंय की!"

"पाच दिवसांत वारा चारदा फिरतो."

साहेबांनी ते ऐकलं नाही. कानाच्या यंत्रांचे मालक ते, त्यांना कोण ऐकवणार? चाचणी तेवढी चालू राहिली, कारण ती थांबवा असं सांगायचं कुणाला सुचलं नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मावशींनी मात्र चष्मा पुसला, खाली आल्या आणि फोन उचलला. "हो, चमचा वाजणारच," कुणाला तरी सांगू लागल्या. त्यांचं वय अठ्ठावन्न. त्यांना दुसरीकडे कोण घेणार होतं? आणि मला तरी? आमच्या ह्यांचं काम महिन्याचे पंधरा दिवस असतं आणि पंधरा दिवस नसतं. त्यालाही दोन भागच म्हणा.

बाराव्या दिवशी अर्धे जेवायला गेलेला बघून मी तो पुठ्ठा उचलला. उचलला तो उचलला, लाज कसली. आमचं पान चारनं पुढे होतं! तो आल्या आल्या मी म्हटलं, "थांबवा. आजच थांबवा. आम्ही जिंकलो."

"तारीख एकविसाव्या दिवसाची आहे, ताई."

"अहो, पण आज पुढे आहोत!"

"साहेबांनी पाचव्या दिवशी बघितलं, त्यांना हवं ते दिसलं. तुम्ही बाराव्या दिवशी बघितलंत, तुम्हाला हवं ते दिसलं. मग तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला लांबून दिसतं, तेव्हा हे मला लागायला हवं होतं. पण लागलं नाही, नुसता राग आला. "तुम्ही माणूस आहात की मोजपट्टी?" असं मी सगळ्यांच्या देखत म्हणाले. त्याचे कान लाल झाले. पंधराव्या दिवशी आम्ही पुन्हा मागे होतो. हे मला कसं कळलं ते विचारू नका.

मग मी ठरवलं, शेंडी तुटो वा पारंबी. शेवटच्या आठवड्यात हिरव्या फोनवर तीन मागण्या आल्या. एक माझ्या नणंदेची, एक जावेची, आणि एक सासूबाईंची, जी माझ्या मुलीनं आवाज घोगरा करून दिली. आमच्याकडे तीस दिवस वापरून बघा, मगच पैसे, अशी सोय आहे. तेव्हा पदरचं काही जाणार नव्हतं. तीस दिवसांत परत केलं तर ते मोजलं जात नाही, हे मी त्याच कागदावर स्वतः वाचलं होतं. पण हातघाईवर आलेल्या माणसाचं डोकं चालतं थोडंच! नणंदेनं खोकं न उघडता परत केलं. जावेनं उघडून, आत काय आहे ते बघून, नाकं मुरडून परत केलं. दोन्हीतून शून्य.

राहिल्या सासूबाई. त्यांना काही सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, सुनेनं आपल्यासाठी हौसेनं आणलं. आठ वर्षं त्या घरात 'हो, हो' करत बसायच्या, आणि आम्ही म्हणायचो, वयामुळे शांत झाल्यात. यंत्र घातलं आणि पहिल्या दिवशी रडल्या. नळ ठिबकतोय म्हणून दोनदा उठून बंद करून आल्या. मी नाइलाजानं का होईना, बाकीच्यांना सांगते तेच सांगितलं, आज एक तास, उद्या दोन. आठवड्यानं बघते तर स्वारी दिवसभर घालून बसलेली. अठ्ठाविसाव्या दिवशी मी खोकं पुढे केलं. म्हटलं, "आई, ते जरा परत द्यायचंय."

"का गं?"

"म्हणजे… ते तात्पुरतं होतं."

"देणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "स्वयंपाकघरात तुम्ही दोघी माझ्याबद्दल काय बोलता ते आत्ता कुठे ऐकू यायला लागलंय." मुलगी पळाली. मी खोकं मिटलं. पैसे आमच्या ह्यांनी भरले, का भरले ते त्यांना अजून नीट कळलेलं नाही.

तिकडे ऑफिसात बटणाच्या पानावरची यंत्रं परत यायला लागली होती. आधी एक-दोन, मग रोज चार-पाच. आमच्या खोलीच्या दाराबाहेर खोकी रचली जायला लागली. त्यात चिठ्ठ्या असायच्या. 'फार आवाज करतं.' 'वडील घाबरले.' 'चमचे सहन होत नाहीत.' मावशी एकेक चिठ्ठी वाचून म्हणायच्या, "अरेरे, एक फोन करायचा ना." कुठे करणार होते? त्यांना दाखवलेल्या पानावर नंबरच नव्हता, आणि बटणावरच्या मागण्या आमच्याकडे येत नसल्यामुळे आम्हीही त्यांना फोन केला नव्हता.

तीस दिवस संपले त्या सकाळी अर्धे आमच्या खोलीत आला. याआधी कधी बसला नव्हता, त्या दिवशी खोक्यावर बसला. मोज्यांतला तपकिरी फाटला होता, अंगठा बाहेर. चोराच्या मनात चांदणं, मी उगाच फोनची तार पुसायला लागले.

"बटणाच्या पानावरून एकशेएकवीस गेली, सत्तेचाळीस परत आली. राहिली चौऱ्याहत्तर," तो म्हणाला. "तुमच्या पानावरून एकशेनऊ गेली, पंधरा परत आली. राहिली चौऱ्याण्णव."

मावशींनी बोटांवर केलं. "वीस!" त्या उभ्याच राहिल्या. "बरोबर वीस!"

अर्धे माझ्याकडे बघत होता. "ताई, त्या चौऱ्याण्णवमध्ये एक पत्ता तुमच्या घरचा आहे."

मला वाटलं, हा आता आरडाओरडा करेल, साहेबांकडे जाईल. तो नुसता म्हणाला, "यंत्र घरी गेलंय, परत आलेलं नाही. कागदाप्रमाणे ते धरायचं. पण पान बघून कुणी फोन केला होता का, ते कागदाला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सांगाल ते लिहितो."

हरामखोर! हो, तेव्हा हाच शब्द आला मनात. स्वतः निर्णय घ्यायचा नाही आणि माझ्या गळ्यात घोरपड बांधायची. मी मावशींकडे बघितलं. त्यांना काहीच कळलं नव्हतं, त्या आनंदानं चष्मा पुसत होत्या. 'धरा' म्हणायला किती वेळ लागतो? दोन अक्षरं. यंत्र खरं होतं, कान खरा होता, सासूबाई त्या क्षणी घरी बसून नळाचा आवाज ऐकत असतील तेही खरं होतं.

"नका धरू," मी म्हटलं. का म्हटलं, मला अजून सांगता येत नाही. मोजपट्टी म्हटल्यावर लाल झालेले त्याचे कान आठवले, एवढं खरं. मावशी मटकन खाली बसल्या.

त्यानं पेनानं चौऱ्याण्णव खोडलं, त्र्याण्णव लिहिलं.

दुपारी साहेबांच्या खोलीत आम्ही तिघं. साहेबांनी कागद उलटा धरला, सुलटा केला, आणि त्यांचे डोळे चमकले. "एकोणीस यंत्रं जास्त! फोनवाल्या पानावरून! मी म्हणत नव्हतो, माणसाच्या आवाजाची सर कशाला येत नाही?" आम्हाला काळाच्या मागे टाकणारं हेच ते तोंड. "फोनची खोली राहणार. बंद करायचं कुणाच्या डोक्यात आलं होतं?"

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर साहेबांच्या फोटोच्या पाया पडावंसं वाटलं, हाताच्या घडीसकट. आणि तेवढ्यात अर्धे बोलला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज पहिल्यांदा पूर्ण निघाला.

"साहेब, वीस लागतात. एकोणीस आहेत. हे ठरलेलं नाही."

मी त्याच्या पायावर पाय दिला. फाटक्या मोज्याच्याच बाजूला, अगदी जोरात.

"एका यंत्रानं काय होतं?" साहेब म्हणाले.

"काही होत नाही. पण आधी लिहिलं होतं. खाली तुमची सही आहे. मला आणखी तीन आठवडे द्या, मग नक्की सांगतो. कदाचित यांची खोली लागते. मला वाटतं, लागते." एवढं बोलून तो स्वतःच दचकला. "पण मला काय वाटतं, त्याला किंमत नाही."

"अहो, तुम्ही आहात तरी कुणाच्या बाजूचे?"

खरं तर उत्तर भिंतीवर चिकटवलेलं होतं.

महिन्याभरात त्याला निरोप मिळाला. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. "फोन चांगला हे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक असलेलं सांगायला, आणि तेही 'ठरलेलं नाही' म्हणून सांगायला, पगारी माणूस कशाला?" त्याच्या जागी आता एक यंत्रणा आणली आहे. ती रोज सकाळी कुठल्यातरी पानापुढे हिरवी खूण करते. रोज कुणीतरी जिंकतं. साहेब खूश आहेत, आणि पहिल्या पानावर पुन्हा हाताची घडी घालून उभे आहेत.

जायच्या दिवशी तो खाली आला. मी म्हटलं, "अहो, गप्प बसला असतात तर नोकरी राहिली असती. आमचीही राहिली होती, तुमचीही राहिली असती."

"हो," तो म्हणाला. "तुम्हालाही 'धरा' म्हणता आलं असतं." मग मोज्यांचं सांगितलं. तपकिरी आधी फाटला, पण एकाच जोडीवरून काही सांगता येत नाही.

मावशी अजून चमच्यांचं सांगतात. सासूबाई अजून सगळं ऐकतात, आणि आम्ही आता स्वयंपाकघरात तोंड सांभाळून बोलतो. तो कागद मी भिंतीवरून काढू दिला नाही, त्याच्या कडा पिवळ्या पडल्यात. पाणी प्यायला गेले की वाचते. माझ्या चौदा वर्षांच्या कामाचा काही उपयोग होता का, हे आजवर एकाच माणसानं खरोखर शोधून बघितलं. साहेब हो म्हणतात, पण साहेबांनी पाचव्या दिवशी नाही म्हटलं होतं. त्याला फक्त आणखी तीन आठवडे हवे होते. मी तिथेच उभी होते, आणि मीही मागितले नाहीत.